थांब्यापर्यंतचा रस्ताही बघा

मुंबईत बेस्टच्या बसगाड्या वाढवा, अशी मागणी तुम्ही छापलेल्या लेखात नागरिकांनी केली आहे; तिला माझा पूर्ण पाठिंबा. बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ वरून १० रुपये झालं. घरकामाला जाणाऱ्या बाईला जाता-येता दोन-दोन बस लागल्या, तर दिवसाचे किमान ४० रुपये!

पण थांब्यापर्यंत पोचायचं कसं? माझी आई सत्तरीची. फुटपाथचे पेव्हर ब्लॉक उखडलेले, म्हणून ती रस्त्याच्या कडेने चालते आणि मागून दुचाक्या अंगावर येतात. पावसाळ्यापासून तिने एकटीने बाहेर पडणंच सोडलंय. आम्ही सोसायटीतल्या काही जणींनी थांब्यापर्यंत चालत जाऊन प्रत्येक खड्ड्याचा फोटो काढलाय. सोमवारी वॉर्ड ऑफिसात अर्ज देतोय.