तेवढा स्पीकर बंद करा!

एप्रिलपासून आम्ही दोघं नवराबायको जिथे जिथे गेलो, तिथे तिथे कुणीतरी कानाशी स्पीकर लावून ठेवलेलाच होता. लग्नं, साखरपुडे, एक वास्तुशांत आणि मध्ये रिकामा रविवार मिळाला की डोंगरात नाहीतर पाण्याकाठी एक दिवसाची सहल. वर्षभर नोकरीत पिचल्यावर उन्हाळ्यात आम्हाला दोनच गोष्टी हव्या असतात. नातेवाईक निवांत भेटावेत आणि डोक्याला जरा शांतता मिळावी. या खोक्यांनी दोन्हीचा सत्यानाश केला. आता खरंच डोकं फिरलंय.

नवऱ्याच्या मामेबहिणीच्या मुलीची हळद होती. जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ असलेल्या आमच्या घराण्यातल्या आजेसासूबाई आता शेवटच्या. मुद्दाम गावाहून आणलं होतं त्यांना. जात्याला हळकुंड बांधलं, बायका बसल्या, आजींनी पहिली ओवी उचलली आणि दहा फुटांवर डीजेवाल्याने दणदणाट सुरू केला. नव्वदीतल्या बाईचा आवाज तो केवढा! त्यांनी पुन्हा सुरुवात करून पाहिली. मग कानातलं मशीन काढलं, रुमालात गुंडाळून कनवटीला खोचलं आणि भिंतीला टेकून बसल्या. मी उठून सांगायला गेले तर पोरं म्हणतात, "काकू, लग्न काय रोज होतं का?" अरे, आजी तरी रोज गाणार आहेत का? पुढच्या लग्नापर्यंत त्या असतील याची खात्री देता का मला कुणी?

आणि तक्रार केली की सगळ्यांचं एकच पालुपद, "दहाला बंद करणार आहोत ना!" म्हणजे दहापर्यंत काहीही चालतं, हे कुणी सांगितलं तुम्हाला? ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, रात्रीची 45. दिवसाचीसुद्धा मर्यादा आहे हो! 100 डेसिबलच्या आवाजात 15 मिनिटांच्या वर थांबू नये, अशी कामगारांसाठीची शिफारस अमेरिकेत आहे, आणि आपल्याकडे तीन वर्षांची पोरं खांद्यावर घेऊन बाप त्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर तासभर नाचतात. पोर कानावर हात ठेवून रडतंय, ते दिसत नाही? छातीत धडधडतं म्हणून सासरे जेवणाचं ताट तसंच टाकून बाहेर गाडीत जाऊन बसले. मुलीच्या बापाने त्या आवाजासाठी कर्ज काढलं होतं!

बरं, घरची कार्यं सोडा. लोहगडावर गेलो. 2025 च्या जुलैत हा गड शिवरायांच्या इतर किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा सगळ्यांनी अभिमानाचे स्टेटस ठेवले. तेच लोक पाठीवरच्या सॅकला ब्लूटूथ स्पीकर लटकवून महादरवाजातून वर येतात. पुढच्या टोळक्याचं गाणं वेगळं, मागच्याचं वेगळं, आणि गडाच्या विंचूकाटा माचीकडे जाईपर्यंत आम्ही दोघं त्यात चिरडलेले. एवढंच ऐकायचंय तर इअरफोन घाला ना कानात!

सगळ्यात जास्त संताप आला तो भंडारदऱ्याला. मे महिन्याच्या अखेरीस, वळवाचे शिंतोडे पडले की तिकडची झाडं काजव्यांनी लखलखतात. मी लहानपणापासून ऐकत आले होते, यंदा नवऱ्याने हट्टाने नेलं. काजव्यांचा नर मादीला बोलावण्यासाठी चमकतो. पंख फुटल्यावर दोन-तीन आठवड्यांचं आयुष्य, तेवढ्यात जोडीदार शोधायचा, आणि त्यासाठी काळोख लागतो. तिथे काय होतं? गाड्यांची रांग, हेडलाइट चालू, मोबाइलचे टॉर्च झाडांवर मारलेले, गाड्यांची दारं सताड उघडी टाकून गाणी. धरणाकाठच्या तंबूंमध्ये मध्यरात्र उलटली तरी धिंगाणा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर आहे हा, कुणाच्या फार्महाउसचं अंगण नाही! एकाला म्हटलं, दिवे तरी बंद करा. तो म्हणाला, "पैसे देऊन आलोय." आम्हीही पैसे देऊनच आलो होतो. एका झाडावरचे काजवे हेडलाइट पडल्याबरोबर विझलेले मी स्वतः पाहिले, आणि पाहणारे ओरडले, "अरे, इथे काहीच नाही, पुढे चला."

तुम्हाला शांततेची एवढी भीती कसली वाटते? दोन मिनिटं शेजारच्या माणसाशी बोलावं लागेल याची?

आता चुलत दिराच्या बाळाचं बारसं आहे. आमंत्रणाच्या फोनवरच विचारलं, साउंड नाही ना? तर म्हणाले, "वहिनी, हॉलच्या पॅकेजमध्येच येतो तो." बाळ बारा दिवसांचं आहे! मी स्पष्ट सांगितलं, भावोजी, पॅकेजमधून काढायला लावा, हॉलवाल्याने पैसे कमी केले नाहीत तरी चालेल, वरचे आम्ही भरतो. पण स्पीकर दिसला, तर आजींना घेऊन मी तिथूनच परत फिरणार.