सॅन फ्रान्सिस्कोतला निवडणूक आयोग आणि फिरणारा मेसेज

‘कॅलिफोर्नियात निवडणुका आता परदेशी लोक घेणार, मतदानही तेच करणार’ असा मेसेज पुन्हा ग्रुपवर फिरतोय. त्यात खरं एवढंच : फेब्रुवारी 2024 मध्ये हाँगकाँगहून आलेल्या केली वाँग सॅन फ्रान्सिस्कोच्या निवडणूक आयोगाच्या सदस्य झाल्या. त्या अमेरिकेच्या नागरिक नव्हत्या, पण नेमणूक चोरवाटेने झालेली नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये शहराच्या मतदारांनीच ‘प्रपोझिशन सी’ हा मतदानाला ठेवलेला प्रस्ताव मंजूर करून मंडळांच्या आणि आयोगांच्या सदस्यांसाठीची नागरिकत्वाची अट काढली. शहरात राहणं आणि मतदानाचं वय पूर्ण असणं, या अटी कायम आहेत.

आपल्याकडे आयोग म्हटलं की डोळ्यांसमोर दिल्लीचा आयोग येतो. हे प्रकरण फारच लहान आहे. शहराचा सात जणांचा आयोग, सातही जणांना वेगवेगळे अधिकारी किंवा मंडळं नेमतात. काम निवडणूक खात्यावर देखरेखीचं. मतपत्रिका छापणं, मोजणी वगैरे रोजचा कारभार संचालकाकडे.

आणि मतदान? सदस्य झाल्याने ते मिळत नाही. संघराज्याच्या निवडणुकीत नागरिक नसलेल्याने मत दिलं तर तो गुन्हा आहे. त्या शहरात अपवाद एकच, शाळा मंडळाची निवडणूक. तिथे मुलांच्या नागरिक नसलेल्या पालकांना मत देता येतं. बहुधा याचीच खिचडी मेसेजमध्ये झाली आहे.

उद्यानं, ग्रंथालयं यांच्या समित्यांवर नागरिक नसलेले रहिवासीही असावेत, असं मला वाटतं. कर तेही भरतातच. निवडणूक आयोगावर असावेत का, यावर खुशाल वाद घाला. फक्त मेसेज पुढे ढकलू नका.