राहिलेले की नेलेले?

‘लेफ्ट बिहाइंड’ या इंग्रजी कादंबरीमालिकेने बायबलमधला शेवटचा काळ जसाच्या तसा गोष्टीत उतरवला, हे एका लेखातलं वाक्य मला काही पटलं नाही. विमानातल्या सीटवर कपडे तसेच ठेवून माणसं गायब होतात, हा प्रसंग जबरदस्त आहे, पण त्यामागची शिकवण (शेवटच्या संकटाआधी येशू खऱ्या विश्वासणाऱ्यांना अचानक स्वर्गात नेतो, बाकीचे मागे राहतात) प्रामुख्याने १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने मांडली. १९०९ च्या स्कोफिल्ड बायबल या आवृत्तीच्या तळटीपांमुळे ती अमेरिकेत घरोघरी गेली. डार्बीआधीची अठराशे वर्षं चर्च या स्वरूपात ती शिकवत नव्हतं. आणि बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायातल्या जात्यावर दळणाऱ्या दोघी? एक घेतली जाते, एक राहते. त्याच्या जरा आधी नोहाच्या काळचा पूर आहे आणि पुराने नेले ते बुडालेले लोक! म्हणजे मागे राहणं हीच चांगली बाजू, असंही वाचता येतं.

कॉलेजात असताना पहिला भाग (१९९५ चा) मी एका रात्रीत संपवला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले तर दार उघडं, आजीच्या चपला उंबऱ्याशी, गॅसवर दूध उतू चाललेलं आणि घरात चिटपाखरू नाही. मी मटकन खालीच बसले. आजी गेली, मी राहिले! दहा मिनिटांनी ती शेजारच्या काकूंकडून अनवाणीच विरजण घेऊन आली आणि दुधावरून मलाच ओरडली.