फूटप्रिंट म्हंजे काय, बाबा?

मृगाचा पहिला दणका पडला की आमच्या चिमूरकडच्या काळ्या मातीला माणसाविषयी भलतंच प्रेम दाटून येतं. ती पाय सोडतच नाही. वावरात शिरताना सात नंबरची असलेली चप्पल धुऱ्यावर येईपर्यंत बाराची होते. काडीने खरवडा, दगडावर आपटा, गवतात घासा. पावशेर माती घरापर्यंत सोबत येतेच.

त्या दिवशी मी चप्पल इमानदारीने बाहेर काढली आणि छपरीतून आत शिरलो. चप्पल काढली म्हणजे पाय स्वच्छ, असा माझा चाळीस वर्षांचा समज आहे. घरात नवी पांढरी टाइल, तिच्यावर नुकताच मारलेला पोछा. मधल्या खोलीत पोचलो तेव्हा माझ्यामागे नऊ पावलं उमटली होती, पाचही बोटांसकट. नशिबाने बायको मागे न्हाणीत होती.

लेक सहावीत आहे, सेमी इंग्लिश. ती वही घेऊन बसली होती. "बाबा, फूटप्रिंट म्हंजे काय? मॅडमनं तीन वाक्यं लिवून आनाले सांगतलं."

मी मागे बोट दाखवलं. इतकं ओलं उदाहरण कोणत्या शिकवणीत मिळणार?

"मंग फूटस्टेप?"

इथे मी खाकरलो. स्टेप म्हणजे टाकलेलं पाऊल, नाहीतर त्याचा आवाज. उचललं की संपलं. प्रिंट मागे राहतो आणि माणसाला गोत्यात आणतो. आपल्याकडे दोन्हीला पाऊलच. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा हीच बायको याच दारापासून रांगोळीची पावलं काढते, तीही आत येणारीच. माझीही आतच येत होती. असो.

लेकीला मी चंद्राची गोष्ट सांगितली. 1969 साली अंतराळवीर ऑल्ड्रिनने तिथल्या धुळीत बुटाचा ठसा उमटवला, त्याचा फोटो काढला. तिथे वारा नाही, पाऊस नाही, म्हणून ते ठसे लाखो वर्षं टिकतील म्हणतात. माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. तिथे पोछा मारणारं कोणी नाही.

"आन् पगमार्क?" आमच्या बाजूलाच ताडोबाचं बफर, त्यामुळे हा शब्द इथल्या पोरांना फूटप्रिंटच्या आधी येतो. पगमार्क म्हणजे जनावराच्या पंजाचा ठसा. त्यातला 'पग', म्हणजे पाय, आपलाच. साहेबाने नेला आणि मार्क जोडून परत दिला. पूर्वी वाघ मोजायचे ते याच ठशांवरून. ठशावर काच धरायची, वरून रेघ मारून आकार उतरवून घ्यायचा. 1972 च्या देशभरच्या मोजणीत असे 1827 वाघ भरले. नराचा ठसा चौकोनी, मादीचा जरा लांबट, पिल्लाचा बारका. नखं दिसली तर घाबरू नका, कुत्रं असेल. मांजरकुळ चालताना नखं आत ठेवतं. पुढे 2006 पासून झाडाला कॅमेरे बांधून मोजायला लागले, कारण ठशांवर भरवसा उरला नव्हता. आमच्या घरात मात्र अजून चालतो.

तिसरं वाक्य कार्बन फूटप्रिंटचं हवं होतं. खाटेवरून आई म्हणाली, "हवेले पाय कुठून येते बाप्पा?" मी समजावलं की आपण जे जाळतो, वापरतो, त्याने किती वायू वर जातो त्याचा हिशोब. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड. एका सरकारी कार्यालयात एका उताऱ्यासाठी मी तीनदा गाडी मारली, तीनदा सर्व्हर डाउन. पाच लिटर तरी गेलं. आता हे साडेअकरा किलो माझ्या नावावर लिहायचे की सर्व्हरच्या? आईने कूस बदलली.

लेकीला मात्र फूटस्टेपच पसंत पडलं. "म्हंजे बाबाच्या पावलावर पाऊल," ती म्हणाली. करून बघितल्याशिवाय तिला पटत नाही. अंगणातल्या चिखलात उडी मारून आली आणि माझ्या एकेका ठशावर आपला पाय ठेवत थेट माझ्यापर्यंत पोचली.

तेवढ्यात न्हाणीचं दार वाजलं. बायको उंबऱ्यात थांबली. माझ्याकडे बघितलंही नाही. पदर खोचून खाली वाकली, दारापासून खोलीपर्यंत एकेक ठसा नीट पाहिला.

"नर एक, पिल्लू एक," ती म्हणाली आणि पोछ्याची बादली माझ्यासमोर ठेवली.