फलकावर काय लिहायचं?

ग्रामपंचायतीला प्रतिसरकारच्या आठवणीचा फलक लावायचाय. प्रतिसरकार म्हणजे इंग्रजांना न जुमानता साताऱ्याच्या भूमिगत क्रांतिकारकांनी चालवलेलं लोकांचं सरकार. 1943 साली आपल्या भागात काय घडलं ते चार ओळींत लिहून द्यायचं, एवढंच काम होतं. ते पारावर आलं आणि तिथंच अडकलं.

तात्या मजकूर घरूनच घेऊन आले होते. "शेणोलीला रेल्वे लुटली, फितुरांच्या तळपायावर काठीनं पत्र्या मारल्या, इंग्रज चळाचळा कापला!" वाचताना मांडीवर अशी थाप मारली की पाराखालचं कुत्रं उठून गेलं.

"झालं?" सर म्हणाले. "तीन वर्षं सरकार चाललं ते काय नुसतं काठीवर?"

"मग कशावर?"

"भाकरीवर. भूमिगत माणूस मध्यरात्री दार वाजवायचा. घरातली बाई कोण, कुठला, काही विचारायची नाही. पीठ संपलं तर शेजारणीकडनं आणायची, आणि शेजारीणही विचारायची नाही. तुमच्या कागदावर ती कुठं आहे?"

तात्या कागद उलटा करून बघायला लागले. पोरं हसली.

मला सरांचं पटतं, सरळच सांगतो. 7 जूनची शेणोलीची गाडी आणि 24 जुलैला वसंतदादांनी फोडलेला सांगलीचा तुरुंग शाळकरी पोरांनाही माहीत असतो. पण प्रतिसरकारचं केंद्र असलेलं कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं, औंधच्या राजानं 1939 मध्येच गावांच्या हाती कारभार दिला होता, आणि संस्थानच्या हद्दीत इंग्रजी पोलिसांना मनमानी घुसता येत नव्हतं, हे किती जणांना ठाऊक आहे? तूफान सेनेचे, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाचे, पाय कुंडलात रोवले गेले त्याला हेही कारण होतं. वर महायुद्धाची महागाई. धान्य काळ्या बाजारात, मुंबईत रेशन सुरू झालेलं. अशा सालात गावच्या पंचांनी बांधाची भांडणं मिटवली, दारू बंद केली, हुंड्याशिवाय साधी लग्नं लावली. रेल्वे अडवण्यापेक्षा ते अवघड होतं, असं माझं ठाम मत आहे.

"आणि पलटणीत गेलेली पोरं?" आप्पा सुभेदार इतका वेळ गप्प होते. "यशवंतराव घाडगे जुलै 1944 मध्ये इटलीत पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्या सालांच्या फलकावर मराठा पलटणीला जागा न्हाई?"

"ते इंग्रजांचे नोकर," तात्या म्हणाले.

आप्पांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "आमच्या भावकीत थोरला इटलीत होता, धाकटा तूफान सेनेत. थोरल्याची मनीऑर्डर यायची, तिच्यातनं जोंधळं यायचं, त्याची भाकरी धाकटा रानात बसून खायचा. ह्यातला नोकर कोण, सांगा."

तात्यांना सांगता येईना. तरी ते गप्प बसतात होय? "तुम्ही सोसायटीच्या निवडणुकीतबी असंच दोन्हीकडनं बोलला होता," म्हणाले.

झालं! निवडणूक निघाली. तिच्यातून सरांनी नेलेली पाण्याची मोटार निघाली, ती परत आली तेव्हा जळालेली होती का आधीच जळालेली होती हे निघालं, आणि 1943 साल पंधरा मिनिटं पाराखाली पडून राहिलं. ते सरांनीच उचललं. आझाद हिंद सेनेतला नानकसिंग वाळव्याकडं आला, प्रतिसरकारच्या नागनाथअण्णा नायकवडींच्या पोरांना लढायला शिकवलं, आणि 1946 मध्ये मणदूरच्या चकमकीत किसन अहीरांबरोबर धारातीर्थी पडला. "कुठला पंजाब, कुठलं मणदूर. शिपाई म्हणजे नोकर असला तर ह्याला काय म्हणायचं, तात्या?"

"त्याचं नाव घाला की मग. मी नको म्हटलंय का?"

"बायकांचं?"

"घाला."

"पलटणीचं?"

तात्यांनी आप्पांकडं बघितलं. "घाला. पण रेल्वे पहिली."

"चार ओळींत बसंल का एवढं?" एका पोरानं विचारलं.

"फलक मोठा करायचा," सर म्हणाले. "आणि पंचांचा निवाडा विसरू नका. तात्या, तुमची बांधाची केस कोर्टात किती वर्षं चाललीय?"

"अकरा."

"तेव्हा असती तर ह्याच पारावर एका बैठकीत मिटली असती."

"मिटली असती की," आप्पा म्हणाले. "फक्त बांध कुणी कोरलाय ते निघालं असतं, आन् तात्यांना चार महिने चप्पल घालता आली नसती."

तात्यांनी झटक्यात दोन्ही पाय पारावर ओढून घेतले. त्यानंतर कुणाला काही बोलताच येईना, सर तर डोळे पुसत होते. मजकूर सरांनी लिहायचा ठरला. चहाचे पैसे तात्यांनी दिले.