खुलासा: पहिली अमेरिकन कादंबरी आणि दोन ब्राऊन

परवा मीच टाकलं होतं की अमेरिकेतली पहिली कादंबरी चार्ल्स ब्रॉकडेन ब्राऊनने लिहिली, 1798 ची 'वीलँड'. ते आता तीन-चार ग्रुपवर फिरतंय आणि ते चूक आहे, चूक माझीच. दोन ब्राऊनांची सरमिसळ झाली.

नंतर पुस्तकांच्या छापील तारखा नीट बघितल्या. 'द पॉवर ऑफ सिम्पथी' 1789 मध्येच बोस्टनला आली होती, वीलँडच्या 9 वर्षं आधी, आणि साधारणपणे पहिली अमेरिकन कादंबरी म्हणून तिचंच नाव घेतात. लेखक विल्यम हिल ब्राऊन. पुस्तकावर नाव नव्हतं, म्हणून बरीच वर्षं लोक ती सारा मॉर्टन या कवयित्रीची समजत होते (म्हणजे गोंधळ घालणारा मी काही पहिला नाही).

ब्रॉकडेन ब्राऊन फिलाडेल्फियाचा, क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) घरातला, वकिली शिकता शिकता सोडली आणि लिहायला लागला. तिथे 1793 ला पीतज्वराची भयंकर साथ आली होती, ती त्याच्या 'आर्थर मर्व्हिन' या कादंबरीत आहे, जमलं तर वाचाच. 1810 मध्ये क्षयाने गेला, वय फक्त 39. मोठा लेखक होताच, फक्त पहिला नव्हे.

जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथे हा टाका.