‘एचडी रेडी’ म्हणजे नेमके काय?

स्वस्तातला टीव्ही घ्यायला निघालेल्या माणसाला खोक्यावरची ‘एचडी’ ही अक्षरे दर वेळी चकवतात आणि याचा मला मनस्वी संताप येतो. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक ३२ इंची संचांच्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ एवढेच बिंदू असतात, तर फुल एचडीसाठी १९२० गुणिले १०८० लागतात. म्हणजे जवळपास निम्मेच. तरीही खोक्यावर ‘१०८०पी सपोर्ट’ असे ठळक छापलेले असते, ज्याचा खरा अर्थ एवढाच की संच फुल एचडीचा सिग्नल स्वीकारतो आणि दाखवताना त्यातले बारकावे गाळून टाकतो. मागच्या खेपेला मी विक्रेत्याला रिझोल्यूशन, म्हणजे बिंदूंची संख्या, विचारले, तर त्याने ॲपची यादी वाचून दाखवली. खरा आकडा शेवटी खोक्याच्या तळाशी, बारकोडशेजारी, बारीक अक्षरांत सापडला. एचडीआर, म्हणजे चित्रातला उजेड आणि अंधार यांतला फरक अधिक ठळक दाखवणारे तंत्र, याचेही तेच आहे, कारण पडदा पुरेसा उजळ नसेल तर त्या शिक्क्याने चित्रात फारसा फरक पडत नाही. दुकानात भडक रंगांची चित्रफीत लावलेली असल्यामुळे सगळेच संच झकास दिसतात, पण घरी बातम्यांखालची सरकती पट्टी वाचायला बसले की अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. बिंदूंची संख्या किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत छापायला कोणाची हरकत आहे?